आरन रॉजर्स : सार्वकालिक क्वार्टरबॅकांच्या रांगेत नक्की कितवा?

लँबोचा_वारकरी

'सध्या काय बघताय' धाग्यावर सुपर बोलवरून (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा अंतिम सामना) जी हाणामारी चालली होती ती इथे हलवतोय. तिथल्या मालिकाप्रेमी मंडळींनी आमचा छळ सोसला तेवढा पुरे.

विषय आरन रॉजर्स, बरीच वर्षं ग्रीन बे पॅकर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा. चार वेळा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू (२०११, २०१४, २०२०, २०२१). याहून जास्त फक्त पेटन मॅनिंगच्या नावावर, पाच. आणि सुपर बोल मात्र एकच, फेब्रुवारी २०११ चा. टॉम ब्रेडीचे भक्त येतात, त्याच्या सात रिंगा (सुपर बोल जिंकल्याच्या अंगठ्या) दाखवतात आणि विषय संपला म्हणतात. आमचे पॅकर्सवाले म्हणतात, डिफेन्सने बुडवलं. मी स्वतः पॅकर्सवाला आहे, तरी मला ही दोन्ही उत्तरं आळशीपणाची वाटतात.

नुसत्या रिंगा मोजायच्या तर ईलाय मॅनिंग रॉजर्सच्या वर बसवावा लागेल, त्याच्या दोन आहेत. जिम प्लंकेटच्याही दोन, आणि तो अजून हॉल ऑफ फेममध्येसुद्धा नाही. डॅन मरीनोची शून्य. १९८४ साली ५,०८४ यार्डांचे पास आणि ४८ टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणं, सहा गुण) करणाऱ्या माणसाला प्लंकेटच्या खाली ठेवणारा मला अजून भेटायचाय.

म्हणून मी सामनेच काढून बसलो. २०१० च्या हंगामात पॅकर्स सहाव्या मानांकनावरून प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) घुसले, सुपर बोलपर्यंतचे तिन्ही सामने परक्या मैदानावर. अटलांटात रॉजर्सने ३६ पैकी ३१ पास पूर्ण केले, ३६६ यार्ड, तीन टचडाउन, ४८-२१. इतका निर्दोष प्लेऑफ सामना क्वचितच बघायला मिळतो. पण पुढच्याच आठवड्यात शिकागोच्या एनएफसी फायनलमध्ये (सुपर बोलच्या आधीची पायरी) टचडाउन पास एकही नाही आणि इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास) दोन. त्यातलं एक घेऊन ब्रायन अर्लाकर सुटला, तेव्हा रॉजर्सलाच मागे धावत जाऊन त्याला पाडावं लागलं. आमच्या बी. जे. राजीने शिकागोचा एक पास पकडून टचडाउन केला, शेवटचा पास सॅम शील्ड्सने पकडला, २१-१४. म्हणजे रॉजर्सने जिंकलेली एकुलती एक एनएफसी फायनल ही डिफेन्सने काढून दिलेली. सुपर बोलमध्ये मात्र तो होता तसा खेळला : स्टीलर्सविरुद्ध ३०४ यार्ड, तीन टचडाउन, इंटरसेप्शन शून्य, ३१-२५.

आता हरलेल्या चार एनएफसी फायनल. जानेवारी २०१५, सिॲटल : शेवटची पाच मिनिटं उरली असताना १९-७ पुढे, तिथून २२-२८. ऑनसाइड किक (चेंडू परत मिळवायला समोरच्यांनी मारलेली आखूड किक) आमच्या ब्रँडन बॉस्टिकच्या हातून निसटली, आणि जादा वेळेत रॉजर्सच्या हाती चेंडू आलाच नाही. जानेवारी २०१७, अटलांटा : ४४-२१, बोलण्यासारखं काही नाही. जानेवारी २०२०, सॅन फ्रान्सिस्को : त्यांच्या क्वार्टरबॅक गारोपोलोने अख्ख्या सामन्यात आठ पास टाकले. आठ! गरजच नव्हती, रहीम मोस्टर्ट २२० यार्ड धावला, चार टचडाउन. जानेवारी २०२१, टँपा, आपल्याच लँबोवर (पॅकर्सचं मैदान), ३१-२६.

इथपर्यंत 'डिफेन्सने बुडवलं' हे बऱ्यापैकी खरं आहे. पण मला दोन प्ले झोपू देत नाहीत. टँपाविरुद्ध आठ गुण मागे, आठ यार्डवर तिसरा डाउन (पुढे सरकायला चार डाउन, म्हणजे प्रयत्न, मिळतात). उजवीकडे धावायला जागा होती. रॉजर्सने गर्दीत ॲडम्सकडे (त्याचा भरवशाचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा) फेकला, अपूर्ण. मग चौथ्या डाउनला प्रशिक्षक लाफ्लूरने फील्ड गोल (लाथ मारून तीन गुण) घेतला (त्यावर वेगळा धागा काढा, मी येऊन शिव्या घालीन) आणि चेंडू परत मिळालाच नाही. पुढच्या वर्षी, जानेवारी २०२२, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध, बर्फात, १०-१० बरोबरी, तिसरा डाउन, ११ यार्ड हवेत. ॲलन लझार्ड मध्ये मोकळा. रॉजर्सने लांबवर दोघांच्या कचाट्यात असलेल्या ॲडम्सकडे फेकला. अपूर्ण. हरलो १३-१०.

माझं म्हणणं एवढंच : ज्या सवयीमुळे त्याचे पास पकडले जात नाहीत, तीच सवय शेवटच्या दोन मिनिटांत त्याला आखडून टाकते. ज्याच्यावर विश्वास त्यालाच चेंडू. म्हणून माझ्या यादीत तो सहावा. ब्रेडी, मॉन्टाना, पेटन मॅनिंग, माहोम्स, युनायटस, मग रॉजर्स.

हाणा.

बॉस्टनची_सून

एवढं लिहून शेवटी ब्रेडी पहिलाच ना? मग चर्चा कसली. 😄

बाकी वारकरीभाऊंनी एक गोष्ट सोयीस्कर गाळली. त्याच टँपाच्या सामन्यात ब्रेडीने उत्तरार्धात तीन इंटरसेप्शन दिली. तीन! आणि त्या तिन्हींवर मिळून पॅकर्सनी किती गुण केले? सहा. शेवटच्या दोन संधींवर तर पंट करून (चेंडू लाथेने समोरच्यांना देऊन) मोकळे. माझ्या माणसाने घसरगुंडी केली तरी तुमच्या माणसाला त्याचा फायदा उठवता आला नाही, ही गोष्ट कुठल्या डिफेन्सवर ढकलणार?

आकडेमोड

@बॉस्टनची_सून, त्या दिवशी पॅकर्सचा डावा टॅकल (क्वार्टरबॅकसमोरच्या लाइनमधला पहारेकरी) बाख्तियारी जायबंदी होता आणि रॉजर्स पाच वेळा सॅक झाला (चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला), हेही लिहा.

पण माझा मुद्दा वेगळा. वारकरी ज्याला सवय म्हणतात ती आकड्यांत दिसते, फक्त जे आकडे सगळे तोंडावर फेकतात त्यांत नाही. रॉजर्सचं २०११ चं पासर रेटिंग १२२.५, एका हंगामातला विक्रम : ४५ टचडाउन, ६ इंटरसेप्शन. हे रेटिंग १९७३ पासून लीग वापरते. त्यात चारच गोष्टी धरतात : पूर्ण पासांची टक्केवारी, दर पासामागे यार्ड, टचडाउनची टक्केवारी, इंटरसेप्शनची टक्केवारी. प्रत्येकाला कमाल मर्यादा, म्हणून सगळं मिळून १५८.३ च्या वर जात नाही. सॅक त्यात कुठेच नाही. चेंडू हातात धरून बसलात आणि आठ यार्ड मागे आडवे पडलात तर रेटिंगला काही होत नाही. तोच चेंडू धोका पत्करून फेकला आणि पकडला गेला तर दणका बसतो.

रॉजर्स २००९ मध्ये ५० वेळा सॅक झाला, २०१२ मध्ये ५१ वेळा. सगळा दोष लाइनचा नाही. उलट मरीनो १९८८ मध्ये सहाशेच्या वर पास टाकून फक्त सहा वेळा सॅक झाला. तो चेंडू तापलेल्या तव्यासारखा सोडायचा, मग इंटरसेप्शन व्हायचीच. रॉजर्सने एक खर्च टाळला आणि दुसरा सोसला, आणि रेटिंगच्या सूत्रात त्याने सोसलेला खर्च धरतच नाहीत. तो महान आहे यात शंका नाही. रेटिंग दाखवतं तेवढा बाकीच्यांच्या पुढे नाही, इतकंच.

कोपऱ्यातला_वाचक

मी सांगलीचा, या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचतोय. एक शंका. हा रॉजर्स डिफेन्सला उभा राहत नाही का? सारखं 'डिफेन्सने बुडवलं' म्हणताय म्हणून विचारतो.

लँबोचा_वारकरी

@कोपऱ्यातला_वाचक, नाही. आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, लाथा मारणाऱ्यांचा कारभार तिसराच. समोरच्या संघाकडे चेंडू असला की क्वार्टरबॅक बाकावर बसून टॅबलेट बघतो. जानेवारी २०२२ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या आक्रमणाला एकही टचडाउन मिळाला नव्हता, त्यांचा एकमेव टचडाउन आमचा पंट अडवून आला. आणि त्यांनी शेवटचा, जिंकून देणारा फील्ड गोल मारला तेव्हा आमचे मैदानावर अकराच्या जागी दहा जण उभे होते. मोजायला विसरले!

सातारी_तर्री

@कोपऱ्यातला_वाचक, आपल्याकडचं सांगतो. १९९९, चेन्नई, पाकिस्तान. सचिन १३६, पाठदुखीने वाकलेला, तो गेला आणि आपण १२ धावांनी हरलो. त्यावर वीस वर्षं लोक म्हणतायत 'संपवून यायला हवं होतं'. वारकरीबुवांचा सगळा लेख हेच म्हणतोय. मला तेव्हाही पटलं नव्हतं, आत्ताही पटत नाही. शेवटपर्यंत आणून कोणी ठेवलं ते बघा की.

लँबोचा_वारकरी

@सातारी_तर्री, सचिन त्या दिवशी बाद झाल्यावर उरलेल्यांना थोड्याच धावा करायच्या होत्या, त्यांनी केल्या नाहीत. इथे शेवटचा चेंडू रॉजर्सच्याच हातात होता. फरक आहे.

बे_एरिया_बंड्या

नाइनर्सवाला (सॅन फ्रान्सिस्कोवाला) हजर आहे, खुर्ची द्या.

रॉजर्स उत्तर कॅलिफोर्नियातल्या चिकोचा पोरगा, लहानपणी आमचाच चाहता. २००५ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायची पाळी) पहिला क्रमांक आमचा. आम्ही घेतला ॲलेक्स स्मिथ. रॉजर्स बिचारा टीव्ही कॅमेऱ्यासमोर बसून बसून २४ व्या क्रमांकावर ग्रीन बेला गेला. पुढे प्लेऑफमध्ये आमच्याशी चार वेळा गाठ पडली, चारही वेळा हरला. २०१२ च्या हंगामात तर आमचा केपर्निक त्यांच्याविरुद्ध १८१ यार्ड धावला. क्वार्टरबॅक असून!

तरी एका मुद्द्यावर मी रॉजर्सच्या बाजूने. २०१० चं पॅकर्स डिफेन्स गुण देण्याच्या बाबतीत लीगमध्ये दुसरं सर्वांत कंजूष होतं. २०११ च्या सुरुवातीला निक कॉलिन्सच्या मानेला दुखापत झाली आणि त्याची कारकीर्दच संपली. त्या वर्षी यार्ड देण्यात तेच डिफेन्स बत्तिसावं, म्हणजे शेवटचं. संघ १५-१ (विजय-पराभव) होता तो निव्वळ या माणसामुळे. मग प्लेऑफमध्ये जायंट्स आले आणि पहिल्याच फटक्यात ३७-२०. रॉजर्सच्या ऐन भरातल्या वर्षांत त्याच्या पाठीशी जो दुबळा डिफेन्स होता, तसा ब्रेडीला कधी मिळाला का? बॉस्टनच्या वहिनींनी उत्तर द्यावं.

बाकी मॉन्टानाला दुसऱ्या क्रमांकावर ठेवलंत त्याबद्दल माफ करतो. चार सुपर बोल, १२२ पास, इंटरसेप्शन शून्य. माझा तो पहिला.

बॉस्टनची_सून

ब्रेडी बाजारभावापेक्षा कमी पैसे घ्यायचा, म्हणून संघाला डिफेन्स परवडायचं. पगाराला कमाल मर्यादा असलेली लीग आहे ही. रॉजर्सने मार्च २०२२ मध्ये तीन वर्षांचा १५ कोटी डॉलरचा करार केला आणि दोनच दिवसांत ॲडम्स रेडर्सकडे गेला. योगायोग?

आकडेमोड

हे अर्धसत्य. ॲडम्सला पॅकर्स तेवढेच पैसे द्यायला तयार होते. त्याला जायचंच होतं. आणि वर उल्लेखलेले सगळे पराभव या कराराच्या आधीचे आहेत. पैशाचा मुद्दा या धाग्यात चालणार नाही.

जर्सीसिटीकर

आम्हा जेट्सवाल्यांना कोणी विचारत नाही, तरी लिहितो. सप्टेंबर २०२३, रॉजर्स आमच्या जर्सीत, बफेलोविरुद्ध, हातात झेंडा घेऊन पळत मैदानावर आला, अख्खं स्टेडियम उभं. चौथ्या प्लेला टाचेची शीर तुटली. चार प्ले. पुढचं वर्ष ५-१२, मध्येच प्रशिक्षकाला नारळ. जेट्सचं नशीब जेट्सपाशी, पण शेवटची वर्षं यादीत धरायची की नाही ते आधी ठरवा. युनायटसचं शेवटचं वर्ष सॅन डिएगोत कसं गेलं ते कोणी आठवत नाही, मग याचंच का?

निवांत_बाई

कोविडच्या लसीबद्दल लोकांची दिशाभूल केली तेही धरायचं का? २०२१ मध्ये दंडही झाला होता.

लँबोचा_वारकरी

@निवांत_बाई, माणूस म्हणून त्याला मी घरी जेवायला बोलावणार नाही. यादी फेकण्याची आहे.

@जर्सीसिटीकर, शेवटची वर्षं धरत नाही. ५०० टचडाउन पासचा टप्पा तुमच्या जर्सीत ओलांडला तोही धरत नाही, मग तर झालं?

जुनं_खोड

लेकरांनो, सगळी भांडणं १९७८ नंतरच्या खेळावर चालली आहेत. त्या वर्षी नियम बदलला : पाच यार्डांच्या पुढे गेल्यावर डिफेंडरने रिसीव्हरला हात लावायचा नाही, आणि लाइनमनना हात पसरून अडवायची मुभा. २००४ पासून तोच नियम आणखी कडक राबवायला लागले. २००८ मध्ये ब्रेडीचा गुडघा गेला, मग पडलेल्या डिफेंडरने क्वार्टरबॅकच्या पायावर झेप घ्यायची नाही असंही आलं. १९७७ मध्ये लीगचं सरासरी रेटिंग साठच्या आसपास होतं, हल्ली नव्वदच्या आसपास असतं. म्हणजे आजचा साधारण खेळाडू कागदावर जॉनी युनायटसपेक्षा सरस दिसतो. युनायटसचं कारकीर्दीचं रेटिंग ७८ आहे आणि तो प्रत्येक प्ले स्वतः ठरवायचा, कानात रेडिओवरून कोणी सूचना देत नव्हतं. सलग ४७ सामन्यांत टचडाउन पास. तो विक्रम पन्नासहून जास्त वर्षं टिकला.

आणि तुमच्या यादीत ऑटो ग्रॅहम कुठेच नाही. दहा वर्षं खेळला, दहाही वर्षं अंतिम सामन्यात, सात विजेतेपदं. पहिली चार दुसऱ्या लीगमधली म्हणून नाक मुरडाल, तर तोच संघ १९५० मध्ये एनएफएलमध्ये आला आणि पहिल्याच वर्षी जिंकला.

थर्ड_अँड_लाँग

काकांचा मान राखून : १९५० च्या दशकात लीगमध्ये बारा-तेराच संघ होते, दहा अंतिम सामने आज कोणाला शक्य आहेत? ज्याने त्याने आपापल्या काळातल्यांच्या किती पुढे होता एवढंच बघावं. त्या मापाने रॉजर्सची २०११ आणि २०२० ही दोन वर्षं (दुसऱ्यात ४८ टचडाउन, ५ इंटरसेप्शन) कोणाच्याही दोन उत्तम वर्षांशेजारी ठेवता येतात. त्याच्या आधीचा ग्रीन बेचा देव, ब्रेट फार्व्ह : लागोपाठ तीन एमव्हीपी, सुपर बोल एक, इंटरसेप्शन ३३६. रॉजर्सची त्याच्या निम्मीही नाहीत. तीन वर्षं फार्व्हच्या मागे बसून काय करायचं नाही ते शिकला असावा.

पण मूळ धाग्यातला 'विश्वास फक्त ॲडम्सवर' हा सिद्धांत मला दोन प्लेवर बांधलेला वाटतो. जानेवारी २०१७, डॅलस, ३१-३१, १२ सेकंद, तिसरा डाउन, २० यार्ड हवेत. रॉजर्स डावीकडे पळत पळत फेकतो, ३६ यार्ड, जॅरेड कुकची बोटं रेषेच्या आत जेमतेम. मग क्रॉस्बीचा ५१ यार्डांचा फील्ड गोल आणि सामना खिशात. कुक त्याच हंगामात संघात आलेला होता. जुना भरवशाचा गडी नव्हे.

आकडेमोड

तो प्ले तर हडलमध्ये (प्लेआधीच्या घोळक्यात) रॉजर्सने जागेवर रचला होता, कोणी कुठे पळायचं ते तोंडी सांगून. संघातल्या रँडल कॉबनेच नंतर सांगितलं. त्यामुळे सिद्धांत थोडा बदलून मांडा : रिसीव्हरवर नव्हे, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास. कुकच्या वेळी डोळ्यांनी बरोबर सांगितलं, लझार्डच्या वेळी चूक. या दोन्हींमध्ये माणूस एकच आहे.

बे_एरिया_बंड्या

मग माहोम्स कसा वर? त्याचं वय काय, वर्षं किती झाली? हा उतावीळपणा नाही का?

थर्ड_अँड_लाँग

फेब्रुवारी २०२० ते फेब्रुवारी २०२४ या काळात तीन सुपर बोल, तिन्हींत सामनावीर. २०२० ला तुमच्याच नाइनर्सविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये १० गुण मागे होता, ३१-२० ने जिंकला. २०२४ लाही तुम्हीच होतात, जादा वेळेत २५-२२. उत्तर तुमच्याकडेच आहे, बंड्याभाऊ.

पण त्यातही वारकरींच्या सिद्धांताला खाद्य आहे. २०२० च्या त्या सामन्यात माहोम्सने दोन इंटरसेप्शन दिली होती. तरी तिसरा डाउन, १५ यार्ड असताना तो टायरीक हिलकडे लांब फेकायला कचरला नाही.

बे_एरिया_बंड्या

तो प्ले या संस्थळावर लिहायला बंदी घालावी अशी चालकांना नम्र विनंती.

लँबोचा_वारकरी

आकडेमोड यांचं 'स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास' घेतलं, माझ्यापेक्षा नेमकं आहे. त्याने क्रमांक बदलत नाही. ज्या डोळ्यांनी लँबोवर पंधरा वर्षं आम्हाला सुख दिलं, त्यांनीच ॲडम्सकडे बघत लझार्ड पाहिला नाही.

पाचवा की सहावा एवढाच प्रश्न उरतो आणि तो युनायटसवर अडलाय. युनायटसला मी जुन्या फितींवरून ओळखतो, प्रत्यक्ष पाहिलेला नाही. काका, तुम्हीच सांगा, सरकवू का खाली?

जुनं_खोड

मीही अमेरिकेत आलो तेव्हा तो संपला होता, फितीच बघितल्या. पण १९५८ ची फायनल मिळाली तर अख्खी बघ. यांकी स्टेडियम, जायंट्स १७-१४ ने पुढे, दोन मिनिटंही उरलेली नाहीत, युनायटसचे कोल्ट्स आपल्या १४ यार्डवर. युनायटसने लागोपाठ तीन पास रेमंड बेरीला दिले, मग बरोबरीचा फील्ड गोल, मग जादा वेळेत ८० यार्डांची ड्राइव्ह, २३-१७. तोही एकाच माणसाकडे फेकत होता, बरं का. त्याचे पास पूर्ण झाले.

मग ठरव.